दौलत पिदुरकरांचा जुळा

डॉक्टर नूतन रामटेके यांनी पडदा प्रांजलीकडे वळवला आणि म्हणाल्या, "हे तुझे बाबा."

पडद्यावर चेहरा नव्हता. दोन फुप्फुसं होती, करडी, वरच्या भागात काळ्या गाठींनी भरलेली. ती सावकाश फुगत होती, बसत होती. त्यांच्यामध्ये हृदय, खाली यकृत, आणि कडेला सतत हलणाऱ्या काही रेघा. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले दौलत पिदुरकर खोकले. पडद्यावरची फुप्फुसं त्याच क्षणी आखडली.

प्रांजली दचकली. खरं तर तिचं आयुष्य पडद्यांसमोरच जात होतं. चंद्रपूरजवळच्या उघड्या कोळसाखाणीत ती डंपर चालवायची. म्हणजे थंडगार केबिनमध्ये खुर्चीवर बसायचं आणि लांबच्या खड्ड्यातली घराएवढी वाहनं हातातल्या दांड्यांनी हलवायची. त्या कामावर लागलेली ती पहिली बाई. पडद्यावर दिसतं ते खरं असतं, यावरच तिचं पोट चाललं होतं. पण आज पडद्यावर बाप दिसला, तेव्हा हे सगळं खोटं निघावं असं तिला वाटलं.

या यंत्राला सगळे 'जुळा' म्हणत. त्यामागचं तत्त्व अवघड नव्हतं. हवामानखातं आजचा वारा, दमटपणा, समुद्राचं तापमान घेऊन उद्याचं आभाळ संगणकात आधीच घडवून पाहतं, तसंच हे. दौलतरावांच्या छातीवर चिकटवलेली पातळ पट्टी त्यांचा श्वास, नाडी, झोप आणि घामातली रसायनं टिपायची. अधूनमधून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातून शेकडो प्रथिनांची मोजमापं यायची. त्या सगळ्यावरून संगणकात त्यांच्या शरीराची प्रतिकृती उभी राहिली होती, आणि अशाच आजाराच्या लाखो रुग्णांचं पुढं काय झालं याच्याशी ताडून ती रोज दुरुस्त होत होती. या जुळ्याला औषध देता येई, अतिदक्षता विभागात ठेवता येई, मारताही येई. हजारो वेळा. खऱ्या माणसाला त्यासाठी सुईसुद्धा टोचावी लागत नसे.

"कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं दगडासारखी होत चालली आहेत, हे तुला माहीतच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता दोन रस्ते आहेत. नागपूरला पेशीरोपण करतात. काकांच्याच पेशी वाढवून फुप्फुसात पेरायच्या. त्या रुजेपर्यंत नळी घालून, झोपवून, यंत्रावर ठेवावं लागतं. तरुण रुग्णात त्याचा फार उपयोग होतो. काकांच्या जुळ्यावर आम्ही ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. थोडं आयुष्य वाढतं. पण वाढलेलं जवळजवळ सगळं आयुष्य झोपेतच जातं."

"आणि दुसरा?"

"आपलं हॉस्पिस. इरई नदीच्या काठावरचं."

प्रांजली चटकन म्हणाली, "म्हणजे मरायला नेऊन ठेवायचं."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "श्वास कमी पडला की माणूस घाबरतो. घाबरला की शरीर आणखी हवा मागतं, आणि ती मिळाली नाही की आणखी घाबरतो. निम्मा त्रास या चक्राचा असतो. मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेनं ते चक्र तुटतं. झोप लागते, जेवण जातं, बोलता येतं. जुळ्याच्या निम्म्याहून जास्त फेऱ्यांमध्ये हॉस्पिसमधलं आयुष्य नागपूरइतकंच भरतं. उरलेल्यांत ते कमी भरतं, तेही तुझ्यापासून लपवत नाही. पण हे सगळं पुढचा मोठा झटका यायच्या आत नेलं तर. त्यानंतर नेलं, तर आमच्या हातात फक्त शेवटचे काही तास येतात. लोक त्यांना तेव्हाच आणतात."

प्रांजलीच्या ओठावर शब्द आला होता, 'बघू'. तिच्या घरात सगळी संकटं याच शब्दानं पुढं ढकलली जात. आईच्या आजारपणातही हाच शब्द होता. बघू, सणानंतर बघू, हर्षल आला की बघू. जुळ्यानं नेमका तोच शब्द घरातून काढून घेतला होता. पडद्यावर पुढच्या झटक्याची एक लाल खूण होती, आणि आजचा दिवस तिच्या दिशेनं सरकत होता.

हर्षल तिचा धाकटा भाऊ. पुण्यात बॅटऱ्यांच्या कारखान्यात अभियंता. संध्याकाळी तिनं त्याला फोन लावला, तर त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. बाबांचा जुळा त्याच्याही मोबाइलवर उघडत असे.

"ताई, तू उगाच घाबरतेस. माझ्या जुळ्यात नागपूरच चांगलं येतंय."

"तुझ्या जुळ्यात? बाबा एकच आहेत, हर्षल."

"अगं, मी स्वतः चालवून पाहिलं. दहा वेळा. प्रत्येक वेळी नागपूर."

प्रांजलीनं आपल्या मोबाइलवर पाहिलं. खरंच नागपूर. सकाळी डॉक्टरांनी दाखवलेल्या रेघा त्याच होत्या, पण खालचा सल्ला उलटा. बराच वेळ ती ते खालीवर करत बसली, तेव्हा तिला कारण सापडलं. जुळा सल्ला देण्याआधी एक प्रश्न विचारत असे. भाषा सरकारी होती: 'रुग्णाच्या दृष्टीने जीवनगुणवत्तेचे प्राधान्य-निकष निश्चित करा.' खाली पर्याय. हर्षलनं निवडलं होतं, 'दीर्घकाळ जगणे'. तिनं ते बदलून 'त्रास कमी असणे' केलं. सल्ला क्षणात फिरला. हॉस्पिस, आणि तेही लगेच.

तिला आधी हायसं वाटलं. मग तिनं सहज पुन्हा हर्षलचा पर्याय दाबला. नागपूर. पुन्हा आपला. हॉस्पिस. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जे विचारलं जाई, त्याचं ते इमानदारीनं उत्तर देई. तिच्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच. भाऊबहीण दोन टोकांना धरून बापाला ओढत होते, आणि प्रश्नात तर स्वच्छ लिहिलं होतं, 'रुग्णाच्या दृष्टीने'.

रुग्णाला कोणी विचारलंच नव्हतं. सांगितलंही नव्हतं. 'छातीत कफ झालाय' यापुढं घरात कोणी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. सकाळचं ऊन अंगणात पसरलं होतं. दौलतराव खुर्चीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. नाकात प्राणवायूची नळी, शेजारी घुरघुरणारं यंत्र. चार शेंगा सोलल्या की थांबायचे. एके काळी या माणसाची छाती पाहून भरतीवाले साहेब हसले होते म्हणे, याला मोजायला दुसरी पट्टी आणा. खाणीतल्या बचाव पथकाचे ते कप्तान होते. खाली आग लागली, पाणी घुसलं, छत कोसळलं, की बाकीचे वर पळत आणि हे खाली जात.

प्रांजली समोर बसली. तिनंही एक शेंग उचलली.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं आहे. कफ नाही झालेला."

दौलतरावांनी दाणे टोपलीत टाकले. "बरं झालं बाई सांगतलं. मले वाटलं, तुमी दोघं मी मेल्यावरच सांगान."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माही छाती हाय. मले नाई तर कोणाले माहीत राहीन?" ते थांबले, श्वास गोळा केला. "तुमी दोघं लपवून रायले होते, म्हनून मी बी गप होतो. पोट्टे घाबरतीन म्हनून."

प्रांजलीला हसू आणि रडू एकदमच आलं. मग तिनं सगळं सांगितलं. नागपूर, हॉस्पिस, लाल खूण, आणि जुळा. जुळ्याचं त्यांना फार नवल वाटलं. मोबाइल हातात घेऊन ते स्वतःच्याच फुप्फुसांकडं कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हा माह्यासारखा खोकलते बी?"

"तुमच्याबरोबरच खोकतो."

"बिचारा," ते म्हणाले. "त्यानं त कोळसा बी नाई पाह्यला."

मग प्रांजलीनं तो प्रश्न विचारला. सरकारी शब्द बाजूला ठेवून, जसा सुचला तसा. बाबा, तुमच्यासाठी चांगला दिवस म्हणजे कसा?

दौलतरावांनी शेंगांची टोपली खाली ठेवली. फाटकापाशी शेजारची गाय येऊन उभी होती, तिच्याकडं पाहत राहिले.

"मले मराची घाई नाई," ते अखेर म्हणाले. "हे आधी लिहून घे. पन ज्या दिवशी डोकं जाग्यावर राहीन, कोनी समोर येऊन बसन आन् त्याच्यासंग बोलता येईन, तो दिवस माहा. श्वास थोडा कमी राह्यला तरी चालते. मशीनले बांधून झोपवून ठेवलं, त तो दिवस माहा नाई. तो तुमचा हाय."

प्रांजलीनं ते जुळ्याला सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. पर्यायांखाली 'इतर' अशी एक रिकामी जागा होती. जुळ्यानं थोडा वेळ घेतला आणि सल्ला दिला. पण तो वाचायची गरज तिला उरली नव्हती.

हर्षल दोन दिवसांनी आला तो नागपूरची खाट ठरवूनच. दारात बॅग ठेवली आणि बसायच्या आधीच बोलायला लागला.

"उद्या सकाळी निघायचं. मी मोठ्या डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, प्रयत्न करायला हरकत नाही."

"हरकत बाबांची आहे," प्रांजली म्हणाली.

"बाबा काय, बाबा घाबरले असतील. आपण धीर द्यायचा की त्यांना सोडून द्यायचं?" त्याचा आवाज चढला. "खरं सांगू ताई? तू दमली आहेस. इतके महिने तूच करतेस, मला कळतं. पण दमलीस म्हणून..."

तो थांबला, पण बोलणं पोचलं होतं. प्रांजलीचा चेहरा उतरला. रात्र रात्र तिनं बापाच्या पाठीला उशी लावून काढली होती. आणि ती दमली होती हेही खरंच होतं.

"हर्षल," आतून दौलतरावांचा आवाज आला. "इकडं ये. बस. तिले नको बोलू."

हर्षल पलंगाच्या कडेवर बसला. दौलतराव थांबत थांबत बोलू लागले. एक वाक्य, मग श्वास, मग दुसरं.

"तू लहान होता. खाली आग लागली होती. छत बसलं आन् दोघं जनं पलीकडं अडकले. आमी पाच गेलो, पाठीवर प्राणवायूचे डबे घेऊन. धूर असा, का स्वतःचा हात दिसत नव्हता. ढिगापाशी पोचलो, त पलीकडून ठोकल्याचा आवाज. ठक, ठक. जिते होते ना. माह्या पथकातला मोतीराम, अडकलेल्यातला एक त्याचा चुलतभाऊ. तो दगड उपसायले लागला. मी डब्याचा काटा पाह्यला. परत जायापुरता उरला होता. मी इशारा केला, मागं फिरा."

"फिरले?" हर्षलनं विचारलं. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

"मोतीरामनं मले शिव्या देल्या. फिरला पन. वर आलो, त बाया-मानसं अंगावर धावून आली. तुह्या आईले लोक बोलले बजारात. पन आमी दोर लावत आलो होतो, रस्ता मोकळा केला होता. दुसरं पथक भरलेले डबे घेऊन त्याच दोरानं गेलं. एक जिता निघाला. एक नाई." ते बराच वेळ नुसतेच श्वास घेत राहिले. "आमी हट्टानं बसलो असतो, त सात गेले असते. त्या दिवसाची मले आजबी शरम नाई. माह्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम कोनतं म्हनशीन, त तेच. प्राणवायू हाय तवाच फिरा लागते, बाबू. संपल्यावर कोनी फिरत नाई. त्याले उचलून आना लागते."

त्यांनी नाकातली नळी नीट केली.

"आता बी काटा मीच पाहून रायलो," दौलतराव म्हणाले. "तुह्या ताईनं फक्त मले इचारलं. तिच्यात हिंमत होती, तिनं इचारलं."

हर्षल मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. प्रांजली दारात उभी होती. इतक्या वर्षांत बापानं तिचं कौतुक कधी तिच्या तोंडावर केलं नव्हतं. शेजाऱ्यांकडं करायचे, माही पोरगी खुर्चीवर बसून डोंगर हलवते म्हणून. ते ऐकून ती लाजायची. आज ती लाजली नाही.

"मग मी काय करू, बाबा?" हर्षलनं विचारलं.

"तू गाडी चालव. तिकडचा रस्ता खराब हाय. हळू चालव."

इरईकाठचं हॉस्पिस प्रांजलीनं मनात रंगवलं होतं तसं मुळीच नव्हतं. बैठी इमारत, इतके रुंद दरवाजे की खाट तशीच बाहेर व्हरांड्यात आणता येई. पुढं नदीचं संथ पाणी. कोणीतरी रेडिओवर क्रिकेट ऐकत होतं आणि बाद झालेल्या फलंदाजाला मनसोक्त शिव्या घालत होतं.

मॉर्फिनची पहिली लहान मात्रा दिल्यावर दौलतराव झोपले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आडवे होऊन झोपले. प्रांजली खुर्चीत बसून त्यांच्या छातीकडं पाहत होती. श्वास कमीच होता, पण त्यात धडपड नव्हती. जागे झाले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "इथं सांबारवडी भेटते का?"

ती कोथिंबिरीची वडी तिथं मिळत नव्हती. हर्षल शहरात जाऊन घेऊन आला. दौलतरावांनी अर्धी खाल्ली आणि उरलेली शेजारच्या खाटेवरच्या क्रिकेटवाल्याला दिली. संध्याकाळपर्यंत दोघांची गट्टी जमली होती.

पुढचे आठवडे असेच गेले. लोक येत. जुने खाणकामगार काठी टेकत येत. मोतीराम आला, पार म्हातारा झालेला, आणि खाटेपाशी बसून त्यानं पुन्हा एकदा त्याच शिव्या दिल्या. दोघंही हसले, खोकले, पुन्हा हसले. प्रांजली दिवसपाळी संपवून येई, तर बापाभोवती चारपाच जण बसलेले असत. आता ती दमलेली मुलगी नव्हती, नुसतीच मुलगी होती. औषधं, नळी, उशी सगळं दुसरे पाहत. तिनं फक्त बसायचं आणि ऐकायचं.

एका दुपारी डॉक्टर नूतन फेरीला आल्या तेव्हा वैतागलेल्या होत्या. नवीन रुग्णाच्या जुळ्याला तो प्रश्न विचारायचा होता, आणि रुग्ण नेहमीप्रमाणे मुलांच्या तोंडाकडं बघत बसला होता.

"प्रश्न काय हाय तो, वाचा बरं," दौलतराव म्हणाले.

डॉक्टरांनी वाचला. प्राधान्य-निकष वगैरे.

"हे कोनाले इचारून रायले? मले का मंत्रालयाले?"

डॉक्टर हसल्या. "भाषा मी सोपी करते हो काका. तोंडीच विचारते. पण अडचण भाषेची नाही. मी विचारलं की लोक डॉक्टरला आवडेल ते सांगतात. मुलांनी विचारलं की मुलांना आवडेल ते. विचारणारा माणूस त्यांच्यातलाच हवा. खाटेवरचा."

दौलतरावांनी आपल्या खाटेकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं.

तो प्रश्न त्यांच्या आवाजात मोबाइलवर घ्यायचं ठरलं. पहिल्या खेपेला त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "आदरणीय रुग्ण बंधू आणि भगिनींनो." क्रिकेटवाला इतका हसला की नर्स धावत आली. दुसऱ्या खेपेला खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या वेळी प्रांजली म्हणाली, "बाबा, समोर मोतीराम बसलाय असं समजा." मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलले.

हर्षल हे सगळं भिंतीला टेकून पाहत होता. त्यानंच तो आवाज साफ केला. खोकला काढू का, असं विचारलं, तेव्हा डॉक्टर नको म्हणाल्या. जुळा चालवणाऱ्या संस्थेवर डॉक्टरांनी पत्रांचा भडिमार केला, हर्षलनं तिथल्या लोकांशी फोनवर हुज्जत घातली. अखेर त्यांनी एवढं कबूल केलं, की या केंद्रापुरता तो लेखी प्रश्न काढून त्याजागी हा आवाज लावू, आणि रुग्णानं स्वतः तोंडी उत्तर दिल्याशिवाय जुळा कोणालाही सल्ला देणार नाही. दौलतरावांना हे सांगितलं, तेव्हा ते जागे होते, पण बोलण्याइतकी ताकद नव्हती. त्यांनी हर्षलच्या मनगटावर दोन बोटं ठेवून हलकेच थोपटलं.

ते गेले सकाळी. व्हरांड्यात खाट होती, नदीवर धुकं होतं. दोन्ही मुलं जवळ होती. श्वास लांबला, आणखी लांबला, आणि पुढचा आला नाही. कोणी धावपळ केली नाही. नर्सनं नाडी पाहिली आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

प्रांजलीनं वर पाहिलं तेव्हा हर्षल भिंतीवरच्या पडद्याकडं बघत होता. पट्टीकडून येणारी माहिती थांबली होती, पण जुळा थांबला नव्हता. माहिती तुटली, की तो काही काळ आपल्या गणितावर चालत राहतो, संपर्क गेला असेल असं समजून. पडद्यावरची फुप्फुसं फुगत होती, बसत होती. अगदी बाबांसारखी.

"याला असंच ठेवता येतं," हर्षल हळूच म्हणाला. "हवं तितके दिवस."

काही आठवड्यांपूर्वी त्यानं हेच मागितलं होतं, आणि आता ते त्याच्यासमोर चालू होतं. त्यानं एकदा खाटेकडं पाहिलं. मग उठला, पडद्यापाशी गेला आणि स्वतःच्या हातानं तो बंद केला.

परत येऊन त्यानं प्रांजलीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "ताई, बाबांचं चुकलं नाही. तुझंही नाही."

पुढच्या महिन्यात प्रांजली हॉस्पिसमध्ये गेली ती बाबांची चाकांची खुर्ची द्यायला. घरात तिचा उपयोग नव्हता, इथं होता. डॉक्टर नूतन कामात होत्या. प्रांजली व्हरांड्यात थांबली. हिवाळा संपत आला होता, इरईचं पाणी उतरलं होतं.

शेजारच्या खोलीत एक म्हातारी नव्यानं आली होती. राजुऱ्याकडची असावी. कपाळावर गोंदण, हाताला सलाईन. पायापाशी तिचा मुलगा बसला होता, हातात मोबाइल. काय म्हणून विचारायचं, कसं विचारायचं, हे त्याला कळत नसावं. त्यानं फक्त बटण दाबलं.

"नमस्कार," खोलीत दौलतरावांचा आवाज आला. जड, थांबत थांबत येणारा. "मी दौलत पिदुरकर. खानीत होतो. माही छाती गेली हाय. मी बी तुमच्यासारखाच खाटेवर हाय." एक खोकला. "घाई नाई. मले एवढंच सांगा, कसा दिवस गेला का तुमाले बरं वाटते? पोराइकडं पाहू नका. पोरं आपलेच हायेत. पन दिवस तुमचा हाय."

प्रांजलीनं खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. तिला वाटलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावं, हे माझे बाबा.

आत म्हातारीनं मुलाकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली. पदर सावरला, उशीवर जरा वर सरकली, आणि आवाज जिथून आला तिकडं तोंड करून म्हणाली, "थांबा भाऊ, सांगते."

आणि ती सांगायला लागली. कोंबड्यांपासून सुरुवात केली, मग तिच्या हातचा भात, मग बहिणीचं गाव. मुलानं मोबाइल चादरीवर ठेवला. हनुवटी तळहातावर टेकवली, आणि आईकडं पाहत तो ऐकत राहिला.